लाइन आली का?

तर झालं असं. २००६च्या पावसाळ्यातला एक शनिवार. पुण्यातला आमचा वन बीएचके, आम्ही चार मैत्रिणी, पॉपकॉर्न आणि डीव्हीडीवर ‘एन्रॉन : द स्मार्टेस्ट गाइज इन द रूम’. ॲलेक्स गिबनीची ही २००५ची डॉक्युमेंटरी ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचलेली. आपण काहीतरी भारी बघतोय या आनंदात आम्ही! २०००-०१मध्ये कॅलिफोर्नियात दिवे गेले, तेव्हा फोनवर खिदळणारे एन्रॉनचे ट्रेडर ऐकून तर अंगावर काटाच आला.

तेवढ्यात आत्याचा फोन. आत्या पातूरची, अकोला जिल्ह्यातली. आमच्या वऱ्हाडात वीज जात नाही, ‘लाइन’ जाते. तेव्हा खेड्यापाड्यांत ती बारा-बारा तास जायची. आत्याला पिक्चरची स्टोरी सांगितली, तर तिचा पहिला प्रश्न, ‘‘कोनाची लाइन गेली होती वं थ्यात?’’

‘‘अमेरिकेतल्या लोकांची.’’

‘‘आन् आपल्या पारसची चिमनी दाखोली का?’’

‘‘नाही गं आत्या.’’

‘‘मंग लाइनचा कायचा पिच्चर व्हय थो?’’

हसू आलं, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. पारसचं औष्णिक वीज केंद्र पातूरच्या शेजारच्याच बाळापूर तालुक्यात. पुढे तिथे २५० मेगावॅटचे दोन नवे संच आले. म्हणजे कोळसा, राख, धूर सगळं घरचं. वीज मात्र तारांवरून लांब निघून जायची. मुंबईला लोडशेडिंग जवळजवळ माहीतच नव्हतं. पुण्यात त्याच वर्षी ‘पुणे मॉडेल’ आलं : कारखान्यांनी आपले जनरेटर चालवायचे, ग्राहकांनी थोडे जादा पैसे मोजायचे, की शहर उजेडात! मी यूएस शिफ्ट करणारी. ग्लोबलायझेशनला चोवीस तास वीज लागते, बॉस. ती माझ्याकडे होती.

नंतर तो पिक्चर मी पुन्हा बघितला, आत्याच्या नजरेने. त्यात आपला दाभोळ प्रकल्प येतो आणि बघता बघता निघूनही जातो. १९९९मध्ये सुरू झालेला आणि २००१मध्ये बंद पडलेला हा प्रकल्प महाराष्ट्राला केवढ्याला पडला, हे आपण सगळे जाणतो. पण त्याला विरोध केला म्हणून १९९७मध्ये वेलदूरच्या कोळणींना पोलिसांनी घरात घुसून मारलं. ‘ह्यूमन राइट्स वॉच’च्या १९९९च्या अहवालात हे सगळं नोंदलेलं आहे. पिक्चरमध्ये त्यांच्यातली एकही बोलत नाही. बोलतात ते अमेरिकन पत्रकार, अधिकारी, वकील. खलनायकही त्यांचे, बळीही त्यांचेच!

मग आपण काढलेल्या पिक्चरचं काय? २०१३च्या ‘कटियाबाज’मध्ये कानपूरच्या तारांवर आकडे टाकून देणारा लोहा सिंग बोलतो आणि वीज कंपनीच्या प्रमुख ऋतू माहेश्वरीही बोलतात. दोघंही आपापल्या जागी खरे वाटतात. म्हणून तो पिक्चर आवडला. पण ते शहर आहे. खेडं पडद्यावर येतं ते बहुतेकदा कंदिलाखाली अभ्यास करणारं पोरगं होऊन. दोन सेकंद, मागे बासरी, कट! त्या पोराला कुणी विचारत नाही, की बाबा रे, पेपर कसा गेला?

पातूरमध्ये विचारायला माणसांची काय कमी आहे? लाइनची वाट बघत बसलेला पिठाच्या गिरणीवाला. रात्रीची लाइन म्हणून बॅटरी घेऊन हरभऱ्याला ओलीत करायला निघालेला, साप-विंचवाला घाबरणारा शेतकरी. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेला झेरॉक्सवाला. आणि मोटर चालू व्हायची म्हणून पहाटे तीनला उठून पाणी भरणारी आत्या. चार चेहरे चौकटीत बसवले म्हणजे डायव्हर्सिटी झाली, असं नसतं. त्या चौघांचं म्हणणं एकमेकांशी जुळणारही नाही. पण ऐकायचं तर तेच आहे ना?

एन्रॉनचा पिक्चर वाईट नाही हं. जरूर बघा. फक्त संपल्यावर गावाकडे एक फोन लावा. मी आजही लावते. हॅलोच्या आधी विचारते, ‘‘आत्या, लाइन आहे का?’’

ती म्हणते, ‘‘हाये. पन तू पिच्चर कधी काढतं?’’