वनकन्या कुठे गेली?



कौटुंबिक हिंसाचार, पोटगी, रोजगार असे प्रश्न समोर असताना या अंकाचे संपादकीय तिलिस्म आणि ऐयारांच्या एका जुन्या प्रेमकथेवर का, असे काहीजणी विचारतील. विचारायलाच हवे. पण आपल्याकडे येणाऱ्या मुली काय वाचतात, त्यातून प्रेमाबद्दल आणि लग्नाबद्दल काय शिकतात, हाही आपल्या कामाचाच भाग आहे असे मला वाटते.

देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ ही हिंदी कादंबरी १८८८ साली आली. ती वाचता यावी म्हणून अनेकांनी हिंदी शिकून घेतली, असे सांगतात. आपले नागपूर तर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा द्वैभाषिक प्रांताची राजधानी. इथल्या मराठी घरांतही हिंदी पुस्तक परके वाटत नाही. १९९४ मध्ये दूरदर्शनवर ‘चंद्रकांता’ मालिका सुरू झाली तेव्हा मी लहान होते. क्रूरसिंग आणि त्याचे ‘यक्कू’ माझ्या पिढीला अजून आठवते. मूळ कादंबरी मी पुढे कॉलेजात असताना वाचली आणि खत्री माझे आवडते लेखक झाले.

आवडले ते नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंग आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचे प्रेम एवढेच नव्हे. चंद्रकांतेची सखी चपला ही स्वतः ऐयारा आहे. वेषांतर, हेरगिरी, शत्रूला बेशुद्ध करून पळवणे या कामांत ती पुरुष ऐयारांच्या तोडीची. आणि वीरेंद्रसिंगाला वाटेत वारंवार भेटणारी, त्याला मदत करणारी ती गूढ वनकन्या? ती चंद्रकांताच होती, हे शेवटी उलगडते. ज्या राजकन्येला सोडवायला राजपुत्र निघाला, तीच रानात मोकळी फिरून त्याला वाट दाखवत होती! वयाच्या अठराव्या वर्षी हे वाचताना किती आनंद झाला म्हणून सांगू.

त्याच आनंदात मी ‘चंद्रकांता संतति’चे २४ भाग हाती घेतले. नावातच सगळे आले होते, ते तेव्हा लक्षात आले नाही. आता गोष्ट चंद्रकांतेची नाही, तिच्या मुलांची आहे. इंद्रजितसिंग आणि आनंदसिंग तिलिस्म तोडायला निघतात आणि चंद्रकांता राजपुत्रांची आई म्हणून महालात उरते. वनकन्या पुन्हा भेटत नाही. लग्न झाले, मुले झाली, गोष्ट संपली.

खत्रींना कर्तबगार बाई रंगवता येत नव्हती असे म्हणावे, तर याच ‘संतति’त कमलिनी आहे. तळ्याच्या मधोमध बांधलेल्या तिलिस्मी घरात राहणारी, तिलिस्मी खंजीर बाळगणारी, मायाराणीच्या कारस्थानांना पुरून उरणारी. राजपुत्रांनाही तिची मदत घ्यावी लागते. तिच्यासाठी मी पुढचे पुढचे भाग वाचत गेले. आणि शेवट काय? इंद्रजितसिंगाचे लग्न किशोरीशी होते आणि कमलिनीशीही. आनंदसिंगाचे कामिनीशी आणि कमलिनीची बहीण लाडिली हिच्याशीही. सगळे सुखी होतात. कोणाच्याही मनात सल उरत नाही.

माझी निराशा नेमकी इथे आहे. तिलिस्म ही लेखकाने स्वतः रचलेली दुनिया आहे. तिथे कळ फिरवली की भिंत सरकते, दगडाच्या पुतळ्या हलतात. निसर्गाचे नियम हवे तसे वाकवता येतात. मग एक नियम तेवढा का वाकत नाही? बाईने कितीही पराक्रम केला तरी तिचे बक्षीस म्हणजे अर्धा नवरा, हा नियम?

तो काळच तसा होता, असे उत्तर मिळेल. पण त्याच काळात आपल्या विदर्भात बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे होत्या. त्यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली, म्हणजे ‘चंद्रकांता’च्या सहा वर्षे आधी छापली गेली. बाईला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा, हे कोणत्या देवाने ठरवले, असे त्यांनी विचारले. आपल्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांतल्या स्त्रीचित्रणालाही त्यांनी सोडले नाही. गोष्ट वाचून चिडणारी बाई तेव्हाही होती. तिचे म्हणणे मात्र विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुस्तक पुन्हा प्रकाशात आणले, तेव्हा कुठे आपल्याला ताराबाई कळल्या.

आणि आज तरी काय बदलले? ‘ट्वायलाइट’ ही स्टेफनी मेयर यांची रक्तपिपासू नायकाची प्रेमकथा २००५ मध्ये आली आणि जगभरातल्या मुलींनी डोक्यावर घेतली. त्यातला नायक बेलाच्या नकळत रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली पाहत बसतो. पुढच्या एका भागात तिने मित्राला भेटू नये म्हणून तिच्या गाडीत बिघाड करून ठेवतो. याला तिथे प्रेम म्हटले आहे. आपल्याकडे मुलीचा पाठलाग करणे हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. २००८ च्या शेवटच्या भागात बेला अठराव्या वर्षी लग्न करते आणि लगेच जिवावर बेतणारे गरोदरपण येते. तेव्हा काही चाहत्या इतक्या नाराज झाल्या, की पुस्तक दुकानात परत करा, असे आवाहन त्यांनी केले.

या नाराजीला हसू नये. सल्ला केंद्रात बसताना मला हे रोज जाणवते. हिंदू पुरुषाला १९५५ च्या कायद्याने दुसरे लग्न करता येत नाही. तरीही नवऱ्याने दुसरी आणली म्हणून येणाऱ्या बाईला नातेवाईक सांगतात, “दोघी बहिणींसारख्या राहा.” हा ‘संतति’चाच शेवट आहे. तो कमलिनीला शोभतो असे ज्यांना लहानपणापासून वाटत आले, त्यांना तो शेजारणीलाही शोभेल असेच वाटणार. आमचे काम गोष्ट संपते तिथून सुरू होते. लग्नानंतरच्या गोष्टी कोणी धड लिहीत नाही, आणि लिहिल्या तर बाई त्यातून गायब असते.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की मुलींच्या हातातली अशी पुस्तके काढून घेऊ नका. त्यांना नावेही ठेवू नका. प्रेमाची, साहसाची ओढ खरी आहे, ती कोणाला नसते? मंडळाच्या बैठकीत ती पुस्तके मोठ्याने वाचा. दुसऱ्या भागात नायिकेच्या हातात काय उरले, निर्णय कोण घेते, ती ‘नाही’ म्हणाली तर काय होते, हे मुलींनाच विचारा. एखादीला पुस्तक आवडले नसेल तर का, ते तिला सविस्तर बोलू द्या.

पुढच्या अंकासाठी आम्ही तुमच्याकडून एकेक पान मागत आहोत. वीरेंद्रसिंगाशी लग्न होऊन दहा वर्षे झाली आहेत. वनकन्येचे कपडे पेटीत आहेत. पुढे काय झाले, ते लिहून पाठवा. शेवट आनंदी असलाच पाहिजे असा आग्रह नाही. ती गोष्टीत असली पाहिजे, एवढेच.