जुना ट्रॅक्टर घेताना

सांगोल्याच्या बाजारात खिलार खोंड घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, चार जाणत्यांना विचारतो. जुना ट्रॅक्टर मात्र नुसता रंग बघून घेतो! धूर निळसर असेल तर इंजिन ऑईल खातंय. ऑईल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. भरली ट्रॉली जोडून चढावर ओढून बघा. आर. सी. बुकावरचा बोजा उतरलाय का, तेही पाहा.

आमचं स्पष्ट मत आहे की, विकणाऱ्या सभासदानेही दोष झाकू नये. असा ट्रॅक्टर ऐन गाळपात बंद पडला, की तोडलेला ऊस फडातच वाळतो. वजन घटतं, उताराही पडतो. नुकसान आपल्यातल्याच कुणाचं तरी होतं. तेव्हा कुठला ट्रॅक्टर कुठं दगा देतो, हे गट ऑफिसात चारचौघांत उघड बोला.