वरच्या मजल्याचा आवाज आणि अकरा महिन्यांचा करार

भाड्याच्या घराचा करार सही करताना कोणी वाचत नाही. घर सोडायची वेळ आली की मात्र त्यातल्या दोन ओळी शोधाव्या लागतात: अनामत परत कधी मिळणार आणि नोटीस किती दिवसांची.

शेवगाव, पाथर्डी, नेवासा या भागांतून मुलांच्या शिक्षणासाठी नगरला येऊन राहणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यातही आपल्या घरांना भाड्याने जागा मिळवताना दहा ठिकाणी विचारावे लागते. नाव सांगितले की कालपर्यंत रिकामा असलेला फ्लॅट आज 'दिला गेलेला' असतो. त्यामुळे एकदा घर मिळाले की माणूस त्रास सोसतो, पण तोंड उघडत नाही. मिळालेली जागा हातची जाईल, ही भीती असते.

आम्ही सावेडीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. मुलगी दहावीला. वरच्या घरात पिठाची घरगुती गिरणी होती आणि ती ईशानंतर सुरू व्हायची. बारापर्यंत भिंतीतून घरघर येई, मुलीचे टेबल थरथरे. आधी आम्ही वर जाऊन बोललो. त्या बाई म्हणाल्या, "भाभी, दिवसा मी कामाला जाते. दळण रात्रीच होतं. त्यावरच घर चाललंय माझं." त्यांनी गिरणीखाली रबरी चटई घातली. पंधरा दिवस फरक पडला, मग मसाल्याचे दिवस आले आणि पुन्हा तेच. आमचे घरमालक म्हणाले, "त्यांचा स्वतःचा फ्लॅट आहे, मी काय करू?" मग आम्ही अपार्टमेंटच्या सेक्रेटरींना लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. रात्री दहानंतर गिरणी बंद ठेवावी, असे त्यांनी सांगितले. आठवडाभरच ते पाळले गेले.

कायदा काय सांगतो? ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आपल्याच घरात केलेला आवाजही शेजाऱ्याला त्रास देईल इतका बाहेर जाता कामा नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केले आहे. रात्री कर्णे, डीजे वाजत असेल तर ११२ वर फोन करता येतो. आम्ही पोलिसांकडे गेलो नाही, कारण ती गिरणी कुणाची तरी रोजी होती. घरात आजारी माणूस किंवा तान्हे बाळ असते, तर कदाचित गेलो असतो. ज्याने त्याने आपले घर पाहून ठरवावे.

घर सोडायचे ठरले, तेव्हा करार काढला. सहा महिन्यांचा 'लॉक-इन' आणि एक महिन्याची नोटीस. आम्ही पाचव्या महिन्यात होतो. इथे अनेकांची गफलत होते. आवाज शेजाऱ्याचा असतो, मालकाचा नाही. म्हणून भाडे थांबवून किंवा रातोरात सामान हलवून करार मोडला, तर दोष आपल्यावर येतो आणि अनामत अडकते. आमच्या करारात लॉक-इन चालू असतानाही नोटीस देता येत होती. सहाव्या महिन्याच्या पहिल्या तारखेला आम्ही लेखी नोटीस दिली, म्हणजे दोन्ही मुदती एकाच दिवशी संपल्या. काही करारांत लॉक-इन संपल्यावरच नोटीस चालते, तेव्हा शब्द नीट पाहावेत. लॉक-इनच्या आत निघावेच लागले तर मालकाशी बोलून रक्कम ठरवावी आणि ती कागदावर घ्यावी. करारात मोठा दंड लिहिलेला असला, तरी करार कायद्याच्या कलम ७४ नुसार न्यायालय त्या आकड्याच्या आत वाजवी तेवढीच भरपाई देते.

करार नोंदवलेला असणेही महत्त्वाचे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी ही घरमालकाची जबाबदारी आहे. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते. तरीही आपल्या भावांनी 'ओळखीचे आहेत, चालून जाईल' म्हणत तोंडी व्यवहार करू नयेत.

निघताना आम्ही भिंतींचे, नळांचे, मीटरच्या आकड्याचे फोटो काढले आणि चावी मालकांच्या हातात देऊन पावती घेतली. वीजबिल वजा जाता अनामत परत मिळाली. मालक म्हणाले, "तुमच्यासारखं कुटुंब पुन्हा आलं तर सांगा." त्या घराचे दार पुढच्या एखाद्या शेख किंवा पठाण कुटुंबासाठी उघडे राहिले, याचे समाधान अनामतीपेक्षा जास्त वाटले. वरच्या बाईंनाही भेटून आलो. त्यांनी दोन किलो ज्वारीचे पीठ दिले, पैसे घेतले नाहीत.

घर बघायला जाल तेव्हा दुपारी जा आणि रात्री दहालाही जा. वर कोण राहते, काय करते, हे विचारा. करारात एक ओळ घालून घ्या: शेजारच्या आवाजाची लेखी तक्रार तीस दिवसांत सुटली नाही, तर लॉक-इन असतानाही एक महिन्याच्या नोटिशीने घर सोडता येईल.

आमच्या नव्या करारात ती ओळ आहे. ती वाचून नवे मालक म्हणाले, "वर तर नुसती गच्ची आहे, कशाला हवी?" आम्ही म्हटले, "असू द्या."