कोरी जागा उघडी ठेवा, बाकीच्या मजकुराला कुलूप घाला

सौंसरच्या तहसील कचेरीबाहेर टाइप होणारं शपथपत्र बहुतेक वेळा काल दुसऱ्या कुणाचं तरी असतं. कालची फाइल उघडायची, कालच्या माणसाचं नाव पुसून आजच्याचं घालायचं, गाव बदलायचं, खसरा नंबर बदलायचा, प्रिंट काढायची आणि त्याच फाइलवर सेव्ह मारायचं. म्हणजे उद्याच्या गिऱ्हाइकासाठी आजच्याचा कागद तयार. दुकानदार याला ‘फॉर्मेट’ म्हणतात. मी याला निव्वळ बेजबाबदारपणा म्हणतो. मीही याच गावात टाइपिंग करून पोट भरतो, म्हणून हे मला जास्त झोंबतं. या बेजबाबदारपणाची किंमत टाइप करणारा कधीच मोजत नाही. ती खुर्चीच्या पलीकडे उभा असलेला माणूस मोजतो.

तो कशी मोजतो ते सांगतो. बाप गेला, शेत पोरांच्या नावावर चढवायचं आहे. इथल्या भाषेत फौती. शपथपत्रात वर नाव बरोबर, मधल्या परिच्छेदात रकबा कालच्या माणसाचा, आणि खाली सत्यापनात बापाचं नाव भलत्याचंच. एखादा शेतकरी धीर करून म्हणतो, “भाऊ, हे नाव तं माह्या बापाचं नाही ना!” उत्तर मिळतं, “काकाजी, पेन्नं खोडा अन् बाजूले सही करा, चालते.” चालत नाही. नोटरीचा शिक्का बसतो, कागद खिडकीवर जातो आणि नाव जुळत नाही म्हणून परत येतो. मग रामाकोन्याचा, लोधीखेड्याचा, मोहगावचा माणूस पुन्हा बसचं भाडं भरतो, पुन्हा मजुरी बुडवतो, पुन्हा टाइपिंगचे पैसे देतो. चूक ज्याची, पैसे त्यालाच दोनदा मिळतात. हा व्यवहार मला संतापजनक वाटतो.

आमच्या भागात ही गोष्ट इतर ठिकाणांपेक्षा जास्त गंभीर आहे, आणि त्याला इतिहास कारण आहे. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत आमची राजधानी नागपूर होती आणि त्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदीबरोबर मराठीही राजभाषा होती. राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली, सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिले आणि कचेरीतला कागद हिंदी झाला. घरात, शेतात, बाजारात माणूस मराठी बोलतो. सही मात्र ‘शपथकर्ता’, ‘निष्पादित’, ‘तथ्य छिपाया नहीं गया है’ अशा कचेरीच्या हिंदीखाली करतो. बाजारातली हिंदी त्याला येते, पण त्या कागदातला मजकूर ओळ न् ओळ तपासणं त्याच्या आवाक्याबाहेरचं असतं. तो विश्वासावर सही करतो. वाचणाऱ्याला चूक पकडता येत नाही तिथे चूक होऊच नये अशी सोय करणं लिहिणाऱ्याचं काम आहे. इतकं साधं कर्तव्य आम्ही टाळतो आणि वर सराईतपणाची घमेंड मिरवतो.

घमेंड किती पोकळ आहे ते 2023 मध्ये दिसलं. 5 ऑक्टोबर 2023 ला पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर छिंदवाडा जिल्ह्यातून निघून नव्या जिल्ह्यात आलं. प्रत्येक अर्जात, शपथपत्रात, संमतिपत्रात जिल्ह्याचं नाव एकापेक्षा जास्त ठिकाणी असतं: माथ्यावर, पत्त्यात, मालमत्तेच्या वर्णनात, शेवटी ठिकाणात. ज्या फाइली माणसामाणसांतून हस्तांतरित होत आल्या होत्या, त्यांत हे नाव हाताने बदललं गेलं. जिथे नजर गेली तिथे बदललं, जिथे गेली नाही तिथे राहिलं. एकाच कागदात वर पांढुर्णा आणि खाली छिंदवाडा, असे नमुने दुकानांतून फिरत राहिले. पाठोपाठ 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. खोट्या पुराव्याच्या शिक्षेचं कलम 193 होतं, ते आता 229 आहे. ज्या नमुन्यात कलम छापलेलं असतं, तो त्या दिवशी एका जागी दुरुस्त व्हायला हवा होता. पण एक जागाच नव्हती. जितके संगणक तितक्या फाइली, आणि जितक्या फाइली तितके कायदे.

यावर उपाय महाग नाही, अवघड नाही, नवीनही नाही. वर्डमध्ये साध्या फाइलीपेक्षा वेगळा असा टेम्प्लेट हा प्रकार असतो. 2007 पासून त्याच्या नावाच्या शेवटी डॉटएक्स लागतं. टेम्प्लेटवर डबल क्लिक केलं की मूळ फाइल उघडत नाही, तिची नवी कोरी प्रत उघडते. तिच्यात काहीही भरा, मूळ नमुना जागेवर राहतो. एवढ्या एका सवयीने कालचा माणूस आजच्या कागदातून निघून जातो. त्याचा बाप, त्याचा रकबा, त्याचा आधार क्रमांकही. होय, आधार क्रमांकही. एकाच फाइलीवर दिवसभर सेव्ह मारणारा दुकानदार एका गिऱ्हाइकाचा आधार क्रमांक पुढच्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर स्क्रीनवर पुसत असतो. हे उघड्यावर चालतं आणि कुणाला लाज वाटत नाही.

पुढची पायरी कुलपाची. डेव्हलपर टॅबमध्ये कंटेंट कंट्रोल नावाच्या चौकटी मिळतात: नावासाठी साध्या मजकुराची, तारखेसाठी कॅलेंडरची, तहसिलीसाठी यादीची. या चौकटी फक्त भरायच्या जागी बसवा. चौकटीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘चौकट हटवता येणार नाही’ ही खूण करा. मग रिव्ह्यू टॅबमधल्या रिस्ट्रिक्ट एडिटिंगमध्ये ‘फिलिंग इन फॉर्म्स’ निवडा आणि संरक्षण चालू करा. आता कर्सर कायद्याच्या वाक्यात शिरणारच नाही. टॅब दाबला की एका चौकटीतून पुढच्या चौकटीत जाईल. ‘मैं शपथपूर्वक कथन करता हूँ’ हे वाक्य कुणाच्या बोटाने अर्धवट पुसलं जाणार नाही. जिल्हा आणि अर्जदाराचं नाव यांसारखी पुन्हा पुन्हा येणारी माहिती क्विक पार्ट्समधल्या डॉक्युमेंट प्रॉपर्टीच्या चौकटीने घाला: एका ठिकाणी लिहिलं की सगळीकडे तेच उमटतं. छिंदवाड्याचं पांढुर्णा करायला मग एक बदल पुरतो. वर्ड विकत घेणं परवडत नसेल तर चोरीचं वापरण्याची गरज नाही. लिबरऑफिस फुकट आहे आणि त्यातही टेम्प्लेट आणि संरक्षित सेक्शन दोन्ही आहेत.

आता ‘असं सगळं बंद केलं तर माणसाला आपलं म्हणणं कुठे मांडता येईल?’ असं विचारणाऱ्याला मी मान देतो, कारण हा खरा प्रश्न आहे. संत्र्याच्या बागेवर गारपीट झाली आणि राजस्व पुस्तक परिपत्र 6-4 खाली मदत मागायची आहे, तर अंबिया बहार गेला की मृग, झाडं किती, फळं गळली की फांद्या मोडल्या, हे सांगायला चौकट पुरत नाही. त्यासाठी कागदाचे भाग पाडता येतात. लेआउटमध्ये ब्रेक्सखाली ‘कंटिन्युअस’ सेक्शन ब्रेक टाका. वरचा भाग बंद, मधला वर्णनाचा भाग खुला, खालचं सत्यापन पुन्हा बंद. रिस्ट्रिक्ट एडिटिंगमध्ये ‘सिलेक्ट सेक्शन्स’ म्हणून दुवा असतो, तिथे कोणत्या भागाला कुलूप आणि कोणता मोकळा हे ठरवता येतं. कायद्याची वाक्यं कायद्याची, नुकसानीचं वर्णन ज्याचं नुकसान झालं त्याचं. सीमा इतकी स्वच्छ आखता येते, आणि तरी ती आखली जात नाही.

नावाच्या चौकटीकडे आम्ही इतरांपेक्षा जास्त लक्ष द्यायला हवं. हिंदीच्या सवयीने टाइप करणाऱ्याची बोटं ‘ळ’ टाळतात. काळे आडनावाचा माणूस खसऱ्यात काले, आधारवर काळे आणि राज्याच्या समग्र आयडीत तिसरंच काही होतो, आणि मग हे तिघे एकच आहेत असं सिद्ध करायला त्याला चौथं शपथपत्र करावं लागतं. चौकटीत भरण्यापूर्वी जो फिकट मजकूर दिसतो तिथे ‘आधारवर आहे तसंच लिहा’ एवढी सूचना घाला. आणि कृतिदेव सोडा. कृतिदेवमध्ये संगणक मराठी अक्षर साठवतच नाही, रोमन अक्षर साठवतो आणि त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तो मुखवटा गळतो, शोध लागत नाही, आणि चौकटीची स्टाइल नीट बांधली नसेल तर भरलेलं नाव इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन छापलं जातं. रेमिंग्टन गेल कीबोर्ड लावला तर टाइपरायटरची बोटांची सवय बऱ्याच अंशी तशीच राहते आणि मजकूर युनिकोडमध्ये उतरतो. राज्याची सीपीसीटी परीक्षा हिंदी टायपिंग याच मांडणीवर किंवा इनस्क्रिप्टवर घेते. म्हणजे सवय मोडते हे कारणही शिल्लक नाही.

एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो: ‘हे पासवर्ड तर दोन मिनिटांत तुटतात.’ तुटतात. डॉक्स फाइल म्हणजे आतून झिप असते. जाणकार माणूस ती उघडून सेटिंग्जच्या फाइलीतून संरक्षणाची ओळ काढून टाकू शकतो. एडिटिंग रोखण्याचा पासवर्ड फाइल गुप्त करत नाही. गुप्त करायची असेल तर ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’ हा वेगळा उपाय आहे. ‘मार्क ॲज फायनल’ तर नुसती पाटी आहे. पण मी चोराबद्दल बोलतच नाही. संत्र्याच्या बागेला काटेरी कुंपण घालतात ते दरोडेखोरासाठी नसतं, चुकून शिरणाऱ्या गुरांसाठी असतं. आमचे कागद बिघडवतो तो संध्याकाळी सहा वाजता घाईत असलेला, समोर रांग लागलेला, दमलेला हात. त्या हाताला अडवायला हे कुलूप पुरेसं आहे. ज्याला मुद्दाम लबाडी करायची आहे त्याच्यासाठी कायदा आहे. घाई करणाऱ्यासाठी चौकट हवी.

दुसऱ्या टोकाचा अपराध कचेऱ्यांचा आणि तो लहान नाही. काही कार्यालयांतून मिळणारा अर्ज म्हणजे झेरॉक्सच्या झेरॉक्सचा स्कॅन असतो. भरायची रेघ दिसत नाही, आणि सगळंच चित्र असल्यामुळे दुकानदाराला ते पुन्हा टाइप करावं लागतं. नवी चूक तिथेच जन्मते. काही ठिकाणी फाइल कुलूपबंद असते, पण पासवर्ड बदली होऊन गेलेल्या बाबूच्या डोक्यात राहतो. कायदा बदलला तरी नमुना बदलता येत नाही. काही नमुन्यांत ‘पिता/पति’ हे दोनच पर्याय यादीत गोठवलेले असतात. पोराला एकटीने वाढवणाऱ्या आईचं नाव लिहायला जागाच नसते. हे कुलूप मजकुराला घातलेलं नाही, माणसाला घातलेलं आहे. कुलूप घालण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याच्यावर किल्ली जपण्याची, काय उघडं ठेवायचं हे विचारपूर्वक ठरवण्याची आणि वेळोवेळी उघडून दुरुस्त करण्याची जबाबदारी येते. तेवढी जबाबदारी नको असेल तर अधिकारही सोडा.

माझी मागणी स्पष्ट आहे. तहसील आणि जिल्हा पातळीवर नेहमीच्या अर्जांचे, शपथपत्रांचे नमुने टेम्प्लेट म्हणून तयार करा, युनिकोडमध्ये, भरायच्या जागा मोकळ्या आणि बाकी बंद ठेवून. त्यावर तारीख छापा, आणि नमुना सांभाळणाऱ्या पदाचं नाव छापा. माणसाचं नको, पदाचं, म्हणजे बदली झाली तरी किल्ली कचेरीत राहील. हे नमुने प्रत्येक दुकानाला द्या. सोबत मराठी अर्थ देणारी एक प्रतही द्या, म्हणजे सही करणाऱ्याला आपण काय कबूल करतो आहोत ते कळेल. टायपिंगच्या क्लासवाल्यांनो, पोरांना मिनिटाला किती शब्द ते शिकवता, ते शिकवाच. पण त्या वेगाने कुणाचा बाप बदलत नाही ना, हे पाहायलाही शिकवा. आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, कचेरीची वाट पाहू नका. एक दुपार काढा, आपल्या संगणकावरच्या जुन्या फाइली उघडा, लोकांची नावं पुसा, टेम्प्लेट बनवा, कुलूप घाला. समोरचा माणूस आपल्याला पैसे देतो ते बोटं चालवण्याचे नाहीत. त्याला जे वाचता येत नाही ते त्याच्या वतीने अचूक लिहिण्याचे आहेत. ते जमत नसेल तर पैसे घेण्याचा हक्क आपल्याला नाही.