परग्रहाचं कौतुक पुरे

स्टानिस्वाव लेमची ‘सोलारिस’ (१९६१) मला पटते. एका ग्रहावरचा अख्खा समुद्रच बुद्धिमान. शास्त्रज्ञ पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथ रचतात, क्ष-किरण सोडतात. समुद्र काही कळत नाही. लेम त्याला माणसाच्या मापात कोंबत नाही. आमच्याकडचा परग्रहवासी मात्र तबकडीतून उतरला की सदाशिव पेठी मराठी झाडतो!

न कळलेल्या बुद्धीचं आपण काय करतो, ते पाहायला तेरला या. जुनं तगर. तिथलं त्रिविक्रमाचं देऊळ विटांचं, मागून अर्धगोल. संशोधक म्हणतात, मूळचा बौद्ध चैत्य. आणि आत कोण उभा? तीन पावलांत पृथ्वी-आकाश मापून बळीला पाताळात घालणारा. परग्रहवासीच की हा! ही गोष्ट बळीच्या बाजूनं सांगायला फुले लागले, १८७३ साली, ‘गुलामगिरी’त. विज्ञानकथाकार अजून तारेच मोजतायत.

मी म्हणतो, तारे राहू द्या. वेशीबाहेरच्या माणसाशी पिढ्यान्‌पिढ्या बोलला नाहीत, आणि वर म्हणता, ही माणसं आम्हाला कळत नाहीत! कळणार कशी? लेमचा केल्व्हिन शेवटी त्या समुद्राच्या लाटेकडं हात तरी पुढं करतो.