पडका वाडा उक्ता देऊ नका

सुगी आटोपली की गावोगाव जुनी घरे पाडायची घाई सुरू होते. कुणाला घरकुल मंजूर झालेले असते, कुठे भावाभावांची वाटणी ठरलेली असते, तर कुठे पुण्या-मुंबईच्या वारसांना पडक्या भिंतींची कटकट नको असते. नेमक्या अशा वेळी टेम्पो घेऊन व्यापारी दारात येतो. माळवदाकडे एक नजर टाकतो आणि म्हणतो, "सगळं मिळून इतकं देतो. पाडायचं, उचलायचं आमच्याकडं." मालकही म्हणतो, "पडकंच हाय, आलं ते आलं." चार दिवसांत वाडा जातो आणि मागे मातीचा ढीग राहतो.

या व्यवहारात जबरदस्ती नसते, पण मापही नसते. ज्वारीचे पोते काट्यावर घातल्याशिवाय आपण आडत्याला देत नाही. मग आजोबा-पणजोबांनी जमवलेले सागवान न मोजता का द्यावे?

लाकडाचा हिशेब अवघड नाही. लांबी फुटांत आणि रुंदी-जाडी इंचांत घ्यावी, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागावे, की घनफूट निघतात. दहा फूट लांब आणि सहा बाय सहा इंचांचा चौरस खांब म्हणजे अडीच घनफूट. असे तीस नग निघाले तर ७५ घनफूट झाले. वाळलेले सागवान घनफुटाला साधारण अठरा-वीस किलो भरते, म्हणजे तो ढीग जवळपास दीड टनाचा. तालुक्याच्या वखारीत जुन्या सागवानाचा दर विचारावा आणि मगच व्यापाऱ्याशी बोलावे. कीड लागलेले, चिरलेले आणि भिंतीत कुजलेले टोक वजा जाईल, हे खरे. पण वजाबाकी मापानंतर व्हावी, मापाऐवजी नव्हे.

या मालाला गिऱ्हाईक आहे, याबद्दल शंका नको. मुंबईत जोगेश्वरी-ओशिवरा भागात जुन्या सागवानी सामानाची दुकानेच्या दुकाने आहेत. तमिळनाडूत कराईकुडी येथे चेट्टियारांच्या मोडलेल्या वाड्यांतील खांब, दारे आणि चौकटी विकणारी बाजारपेठ उभी राहिली आहे. आपल्याकडे जी चौकट सरपणाच्या भावात जाते, तीच घासूनपुसून शहरातल्या हॉटेलच्या दारात उभी राहते. मधला पैसा गावाबाहेरच राहतो.

जुने घर उलगडता येते, हा त्याचा मोठा गुण. मातीत बांधलेली वीट आणि घडीव दगड अख्खे निघतात. खुंट्या-सांध्यांत बसवलेले लाकूड सोडवता येते. आजच्या सिमेंटच्या भिंतीची वीट अख्खी निघत नाही, स्लॅबचा तर चुराच होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यांत दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसे गेली. पण अनेक ठिकाणी भिंती कोसळूनही खणांचा लाकडी सांगाडा उभा होता. दोष जड भिंतीचा आणि मातीच्या ओझ्याचा होता. लाकूड कामाचेच होते.

म्हणून विकण्याआधी घरात काय वापरता येईल ते पाहावे. प्रधानमंत्री आवास योजनेत मैदानी भागासाठी केंद्राने ठरवलेले मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये आणि घर किमान २५ चौरस मीटरचे. या रकमेत घर पुरे करताना माणूस मेटाकुटीला येतो. जुने दगड जोत्याला, जुन्या चौकटी-दारे नव्या भिंतीला लावली, तर तेवढे कर्ज कमी. धरणात किंवा प्रकल्पात घर गेलेल्यांनीही हे लक्षात ठेवावे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात विस्थापित कुटुंबाला वाहतुकीसाठी ५० हजार रुपये आहेत, आणि त्यात घराचे साहित्य हलवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

काही पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. नमुना ८ वर नाव एकाचे असले तरी हिस्सेदार अनेक असतात. सर्वांची लेखी संमती घेतल्याशिवाय एक कडीही हलवू नये, नाही तर लाकडाचे पैसे कोर्टात जातात. सागवान गावाबाहेर न्यायचे तर आधी वनविभागाकडे परवान्याची चौकशी करावी. गाडी नाक्यावर अडल्यावर नव्हे. भिंतीत पुरलेले नाणे-दागिने सापडले आणि त्यांची किंमत दहा रुपयांवर असली, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. ते गुपचूप वाटून घेणे अंगलट येते.

सर्वांत मोठी गोष्ट माणसाच्या जिवाची. वीज आधी तोडून घ्यावी. घर वरून खाली उतरवावे: आधी माळवदाची माती, मग फळ्या, कड्या, तुळया आणि शेवटी भिंती. भिंत खालून कोरून पाडणे म्हणजे मरण ओढवून घेणे. पावसात भिजलेल्या भिंतीला हात लावू नये. उक्ते काम घेणारा घाई करतो, कारण त्याला दिवस वाचवायचे असतात. दबतो तो मजूर, आणि तो बहुधा आपल्याच गावचा असतो.

ग्रामपंचायतींनीही येथे लक्ष घालावे. जुनी चावडी किंवा निर्लेखित शाळाखोली पाडताना आधी साहित्याची मोजदाद करावी, मग जाहीर लिलाव करावा, आणि आलेल्या रकमेची पावती व नोंद ठेवावी. तीच मोजदादीची सवय खासगी घरांनाही लावता येईल. गावचा सुतार, गवंडी आणि चार तरुण यांनी मिळून घरे उतरवण्याचे काम घेतले, तर उन्हाळ्यात शेतात काम नसताना त्यांना मजुरी मिळेल आणि मालकाला माप मिळेल. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी त्यांना फक्त एकत्र बसवायचे आहे.

पडणारे घर कुणी थांबवू शकत नाही, आणि सगळी थांबवावीत असेही नाही. पण ज्यांच्या घरी यंदा पाडकाम निघणार आहे, त्यांनी व्यापाऱ्याला बोलावण्याआधी सुताराला बोलावावे. एक टेप, एक वही आणि एक दिवस, एवढाच खर्च आहे.