तुमचा सुपरवायझर कोण?

गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे २०२५ मध्ये, अडीच महिने धाकट्याकडे अमेरिकेला राहून आले. आल्यापासून एक गोष्ट मनात सलते आहे. फोनवर बोलायला गेलं की भांडण होतं, म्हणून इथे लिहिते. नातेवाईक मंडळी हे पान वाचतात हे मला ठाऊक आहे. खरं सांगायचं तर त्यांनी वाचावं म्हणूनच लिहिते आहे. राग आला तर येऊ दे.

तर झालं असं. एका शनिवारी अ‍ॅशबर्नला एका घरी पंधरा-वीस मराठी माणसं जमली होती. पावभाजी, श्रीखंड आणि गप्पा. विषय नेहमीचे तीन : घरांच्या किमती, मुलांच्या शाळा आणि डेटा सेंटरं. तिसऱ्या विषयावर सगळेच तावातावाने बोलत होते. घरामागे आणखी एक बिनखिडक्यांचं खोकं उभं राहणार, रात्री घूं घूं आवाज येतो, विजेच्या तारांचे मनोरे येणार... "या लोकांना विचारणारं कुणी आहे की नाही?" मी आपलं सहज विचारलं, "तुमचा सुपरवायझर कोण?" एक जण म्हणाला, "मावशी, मला मॅनेजर आहे, सुपरवायझर नाही." सगळे हसले, मीही हसले. मग लक्षात आलं की त्याने विनोद केलाच नव्हता.

मी चौतीस वर्षं भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या शेपटीला बांधलेला, थोडक्या मार्कांचा, परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करायचा विषय. त्याचं फळ काय ते त्या दिवाणखान्यात दिसलं. त्यातले दोघे तर माझेच नात्यातले. तेव्हा आधी थोडा धडा घेते, कंटाळा करू नका.

ही मंडळी राहतात ती लाउडन काउंटी. व्हर्जिनिया राज्याच्या उत्तर टोकाला, वॉशिंग्टनच्या वायव्येला. एका अंगाला पोटोमॅक नदी, पलीकडे मेरीलँड. पश्चिमेला ब्लू रिज डोंगरांची रांग. पूर्वेला फेअरफॅक्स काउंटी, १७५७ मध्ये तिच्यातूनच ही वेगळी निघाली. क्षेत्रफळ साधारण १,३५० चौरस किलोमीटर. दोनशे वर्षं इथे शेती, गाईगुरं आणि घोडे. १९६० मध्ये लोकसंख्या होती २४,५४९. मग १९६२ मध्ये पूर्वेच्या कडेला डलेस विमानतळ सुरू झाला आणि शहर हळूहळू इकडे सरकू लागलं. २००० मध्ये लोकसंख्या १,६९,५९९ झाली आणि २०२० मध्ये ४,२०,९५९. साठ वर्षांत सतरापट! त्यात पाचातला साधारण एक माणूस आशियाई वंशाचा, आणि त्यात आपले लोक भरपूर.

मी पहिल्यांदा २००६ मध्ये गेले तेव्हा लेकाच्या घराजवळ मक्याचं शेत होतं. आता तिथे खोकी आहेत. साऱ्या काउंटीत ती दोनशेच्या घरात गेली आहेत. पश्चिमेला मात्र अजून द्राक्षमळे, दगडी कुंपणं आणि खडीचे कच्चे रस्ते आहेत. एका काउंटीत दोन जगं. त्यांचं भांडण सोडवायचं कुणी? तर बोर्ड ऑफ सुपरवायझर्सने.

आपण काउंटीला 'जिल्हा' म्हणून मोकळे होतो. पण आपल्या जिल्ह्याचा कारभार बघणारा कलेक्टर सरकार नेमतं. इथे नऊ सुपरवायझर लोक निवडतात. आठ आपापल्या विभागातून आणि अध्यक्ष सगळ्या काउंटीतून, दर चार वर्षांनी. शेरीफसुद्धा निवडून येतो. लीसबर्ग, पर्सेलव्हिल, मिडलबर्ग अशा सात गावांना स्वतःची नगर परिषद आहे. पण अ‍ॅशबर्न त्या सातांत नाही! चाळीस हजारांवर माणसं, आणि ना महापौर ना नगरसेवक. जे काय आहे ते सुपरवायझर. म्हणजे अ‍ॅशबर्नच्या माणसाला सुपरवायझर माहीत नसणं म्हणजे पुण्याच्या माणसाला नगरसेवक, महापौर आणि जिल्हा परिषद हे सगळंच माहीत नसणं.

"आम्ही शाळांकडे लक्ष देतो की," असं सूनबाई म्हणाली. देता, बाळा. शाळेचं रेटिंग बघून घर घेता. पण व्हर्जिनियात शाळा मंडळ निवडून येत असलं तरी त्याला कर बसवायचा अधिकार नाही. काउंटीच्या तिजोरीतून शाळांना किती पैसे द्यायचे हे सुपरवायझर ठरवतात. म्हणजे तुम्ही रेटिंग बघता त्या शाळेची पेटी ज्यांच्या हातात आहे, त्यांची नावं तुम्हाला येत नाहीत.

आणि एका मताने काय होतं, म्हणता? लेक मेट्रोने ऑफिसला जातो. नोव्हेंबर २०२२ मध्ये सिल्व्हर लाइन अ‍ॅशबर्नपर्यंत आली. त्या मेट्रोत काउंटीने पैसे घालायचे की नाही याचा निर्णय बोर्डाने जुलै २०१२ मध्ये घेतला, ५ विरुद्ध ४ मतांनी. एक सुपरवायझर दुसरीकडे झुकला असता तर लेक आजही गाडीतच बसून राहिला असता.

आता ती डेटा सेंटरं. लेकाचं म्हणणं मी ऐकून घेतलं आहे, ते खोटं नाही. घरपट्टीचा दर शंभर डॉलरला २०२४ मध्ये साडेशहाऐंशी सेंट होता, तो २०२५ मध्ये साडेऐंशी झाला. या खोक्यांतल्या यंत्रांवरच्या कराचा त्यात मोठा हात आहे. शाळा, वाचनालयं, बागा त्याच पैशावर चालतात. पण सगळ्या शिवारात एकच पीक घेणाऱ्या शेतकऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. शिवाय अनेक ठिकाणी ही केंद्रं 'बाय-राइट' उभी राहिली. म्हणजे जमिनीचा झोन बसला की बांधा, सुपरवायझरांपुढे सुनावणी नाही, शेजाऱ्याला विचारणं नाही. मार्च २०२५ मध्ये बोर्डाने हा हक्क काढून घेतला. आता नवीन प्रस्तावाला जाहीर सुनावणी लागते. हे आपोआप घडलं नाही. लोक सभेला गेले, नाव नोंदवून उभे राहिले, मोजून मिळालेल्या मिनिटांत बोलले, पत्रं लिहिली. आमच्या पावभाजीच्या बैठकीतलं एकही माणूस त्यात नव्हतं. नियम बदलला हेसुद्धा मीच त्यांना सांगितलं, पाहुणी असून!

कारणं सगळी ऐकली. वेळ नसतो. व्हर्जिनियात मतदान पंचेचाळीस दिवस आधीपासून करता येतं. आमचे चिरंजीव २०२४ मध्ये अध्यक्षांच्या निवडणुकीला फोटो काढून मत देऊन आले, आणि २०२३ मध्ये सुपरवायझरांची निवडणूक होती तेव्हा घरात बसून होते. दुसरं कारण, आम्ही नागरिक नाही. खरंय, मग मत नाही. पण सभेत बोलायला आणि पत्र लिहायला पासपोर्टाचा रंग कुणी विचारत नाही. तिसरं कारण तर ऐकण्यासारखं, "आपला माणूस आहे की तिथे!" हो, सुहास सुब्रमण्यम २०२४ मध्ये त्या मतदारसंघातून अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले, मलाही आनंद झाला. पण ते वॉशिंग्टनमध्ये बसतात. तुमच्या घरामागच्या जमिनीचा झोन ते ठरवत नाहीत. आडनावाचा अभिमान धरणं म्हणजे नागरिक होणं नव्हे.

एक दिवस नातीला घेऊन लीसबर्गला गेले. तिथे डग्लस शाळेची इमारत आहे. गोऱ्या मुलांना हायस्कूल होतं तेव्हा काउंटीतल्या काळ्या मुलांना धड हायस्कूल नव्हतं. त्यांच्या आईबापांनी पैसे गोळा करून जमीन विकत घेतली आणि एका डॉलरला काउंटीला देऊन टाकली, का तर शाळा बांधा म्हणून. १९४१ मध्ये शाळा उघडली. वेगळ्या शाळांची ती पद्धत बंद व्हायला १९६८ उजाडावं लागलं. त्या पालकांना कुणी रेटिंग दाखवलं नव्हतं. कारभार करणारे त्यांना आपलं मानत नव्हते, तरी ते दारात जाऊन उभे राहिले. नातीने विचारलं, "आजी, मग बाबा का नाही जात मीटिंगला?" मी उत्तर दिलं नाही. ते बाबानेच द्यावं.

कुणी म्हणेल, पुण्याच्या म्हातारीला नसती उठाठेव. अहो, पुण्याची आहे म्हणूनच बोलते. आमच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. जवळजवळ चार वर्षं निवडून दिलेला एकही नगरसेवक नाही, सगळा कारभार प्रशासकाकडे. आधी २०२१ मध्ये तेवीस गावं हद्दीत घेतलेली, ती माणसं कुणाकडे जाणार होती? विचारायला दार नसणं म्हणजे काय ते आम्ही बघितलं. १५ जानेवारीला गुडघ्याला पट्टा बांधून रांगेत उभी राहिले ती काही हौस म्हणून नाही. आणि तुमच्याकडे दार आहे, उघडं आहे, आणि तुम्ही बाहेर उभे राहून "कुणी आहे का?" म्हणून ओरडताय.

वीस वर्षं झाली तुम्हाला तिथे. गणपती बसवता, मुलांची मुंज करता, कर भरता. तरी राहता लॉजमध्ये उतरल्यासारखे. खोली चांगली, पाणी गरम, मालक कोण ते माहीत नाही.

पुढची सुपरवायझरांची निवडणूक नोव्हेंबर २०२७ मध्ये आहे. तोवर काउंटीच्या नकाशात आपला विभाग शोधायचा आणि सुपरवायझरचं नाव मला फोन करून सांगायचं, एवढाच गृहपाठ. नात्यातल्या सगळ्यांना.

असो. धाकट्याला हे आधी वाचून दाखवलं. म्हणाला, "आई, लॉजचं वाक्य काढ." काढलेलं नाही.